चितळाला निळी जीन्स दिसते

बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी जी गर्दी आत शिरते, तिच्यात कपड्यांचे सगळे नमुने असतात. कुणी निळ्या जीन्समध्ये, कुणी पांढऱ्याशुभ्र ट्रॅकसूटमध्ये, कुणाच्या गळ्यात तांबडी ओढणी, तर कुणी फौजी नक्षीची पँट चढवून, खांद्याला भलीमोठी लेन्स अडकवून. झाडीत आपण दिसेनासे होतो, अशी या शेवटच्या माणसाची खात्री असते. कान्हेरीच्या रस्त्यालगत चरणारं चितळ मात्र या मंडळींचा क्रम वेगळा लावेल. त्याला आधी खटकेल ती निळी जीन्स आणि पांढरा ट्रॅकसूट. तांबड्या ओढणीकडे ते बहुधा लक्षही देणार नाही. फौजी पँटचं काय होईल, हे ती कोणत्या पावडरीने धुतली आहे यावर ठरेल.

हे ज्यांनी सर्वांत बारकाईने शोधून काढलं, ते लोक म्हणजे धनुष्यबाणाने शिकार करणारे. भारतात बंदुकीची असो की बाणाची, शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. जनावराला मारणं तर सोडाच, फास लावणं, हाकारा घालून पळवणं, आमिष दाखवणं हेही त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारच ठरतं. ही बंदी योग्य आहे आणि ती तशीच राहायला हवी. पण अमेरिकेत आणि युरोपच्या काही देशांत परवान्याने बाणाची शिकार आजही चालते, आणि तिथल्या शिकाऱ्यांची अडचण बोरिवलीच्या छायाचित्रकाराच्या अडचणीसारखीच आहे. बंदूकवाला दोनशे मीटरवरून नेम धरू शकतो. धनुर्धाऱ्याला वीस-तीस मीटरपर्यंत जवळ जावं लागतं, तासन् तास दबा धरून बसावं लागतं, आणि ऐन वेळी दोन्ही हात हलवून दोरी ओढावी लागते. तेवढ्या अंतरावर जनावराचे डोळे, कान आणि नाक तिन्ही कामाला लागलेले असतात. त्यामुळे अंगावरच्या कपड्याचा या लोकांनी जितका विचार केला, तितका दुसऱ्या कुणी क्वचितच केला असेल.

बोरिवली, मुलुंड आणि ठाण्याच्या मधोमध पसरलेल्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात वर्षभर माणसं जातात: पक्षी पाहणारे, कॅमेरा सापळे लावणारे अभ्यासक, वनरक्षक, निसर्ग शिबिरांची मुलं. त्यांना हे ज्ञान उपयोगी पडू शकतं. फक्त ते जसंच्या तसं उचलून चालत नाही. थंड ओकच्या जंगलात पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी बेतलेला पोशाख उपनगरातल्या पानगळीच्या रानात बऱ्याच ठिकाणी तोंडघशी पडतो.

ऑगस्ट १९९२मध्ये जॉर्जिया विद्यापीठात काही दृष्टिशास्त्रज्ञ आणि वन्यजीव अभ्यासक एकत्र आले. त्यांनी हरणांना भूल देऊन त्यांच्या डोळ्यांत वेगवेगळ्या तरंगलांबीचा उजेड पाडला आणि दृष्टिपटलातून उमटणारे विजेचे संकेत मोजले. अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण आणि मूळचं युरोपाकडचं फॅलो हरीण अशा दोन जातींवर हे काम झालं आणि १९९४मध्ये ते प्रसिद्ध झालं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. हरणाच्या डोळ्यात त्या दोनच निघाल्या. एक ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला सर्वाधिक दाद देणारी, दुसरी ५३७ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्याला. तांबड्यासाठी वेगळी पेशीच नाही. म्हणजे तांबडा रंग हरणाला काळपट दिसतो, नारिंगी मळकट पिवळसर, आणि निळा मात्र लख्ख. चितळ, सांबर आणि भेकर हे बोरिवलीतले तिघेही याच हरीणकुळातले.

दुसरी गोष्ट भिंगाची. माणसाच्या डोळ्यातलं भिंग अतिनील किरण बहुतांशी अडवून धरतं. हरणाच्या भिंगात ती गाळणी जवळजवळ नाहीच. आणि इथे धुण्याच्या पावडरीचा प्रश्न येतो. कपडे पांढरे दिसावेत म्हणून आजच्या बहुतेक पावडरींत आणि साबणाच्या वड्यांत चकाकी आणणारी रसायनं असतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतात आणि तीच ऊर्जा निळसर उजेडाच्या रूपात बाहेर टाकतात. आपल्याला शर्ट फक्त ‘स्वच्छ’ वाटतो. हरणाचा डोळा नेमका याच निळ्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण आहे. त्यातच पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे हरणं चरायला निघतात तेव्हा, आकाशातून उतरणाऱ्या उजेडात निळ्याचं प्रमाण जास्त असतं. गडद हिरवी पँट अशा पावडरीत वारंवार धुतली की तिच्यावरही हा थर बसतो.

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. किराणा दुकानात नाहीतर पेट्रोल पंपावर खोट्या नोटा तपासायचा जांभळट दिवा असतो, त्याच्याखाली शर्ट धरावा. खऱ्या नोटेच्या कागदात चकाकीचं रसायन नसतं, म्हणून तो त्या दिव्याखाली मंद राहतो आणि साधा कागद झळाळतो. शर्टही झळाळला तर तो जंगलात घालू नये. आपल्याकडची जुनी नीळ या बाबतीत निर्दोष आहे. ती कापडाच्या पिवळेपणावर निळी छटा चढवते, उजेड निर्माण करत नाही. रानात घालायचे कपडे निळीत बुडवायचं कारण नाहीच. ते रिठ्याच्या पाण्यात धुतले की चकाकीही लागत नाही आणि वासही राहत नाही. नवं कापड मात्र गिरणीतूनच चकाकी घेऊन आलेलं असू शकतं, म्हणून खरेदीच्या वेळी फिक्या रंगांपासून लांब राहावं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग तांबडा शर्ट घालून खुशाल जावं. अमेरिकेतल्या धनुर्धाऱ्याचं त्यावर भागेलही. बोरिवलीत नाही, कारण इथला पहारा चितळं एकटी करत नाहीत. झाडाच्या शेंड्यावर बसलेलं वानर बिबट्याला आणि माणसाला सर्वांत आधी हेरतं, आणि त्याच्या खाकरण्यासरशी खालचं चितळ शेपटी उभारतं. वानरं आणि माकडं ‘जुन्या जगातली’, म्हणजे आशिया-आफ्रिकेकडची. त्यांच्या डोळ्यांत आपल्यासारख्याच तीन प्रकारच्या शंकुपेशी आहेत. तांबडी ओढणी चितळाच्या नजरेतून निसटली तरी वानराच्या नजरेतून निसटणार नाही. पक्ष्यांचं तर आणखी पुढचं: त्यांच्याकडे चार प्रकारच्या शंकुपेशी असतात आणि कित्येकांना अतिनीलही दिसतं. सातभाईंचा एक थवा बिथरून कलकलू लागला की अख्ख्या ओढ्याला बातमी कळते. हरणासाठी बेतलेली परदेशी युक्ती इथे अपुरी पडते ती अशी. इथे निळा चालत नाही, पांढरा चालत नाही, आणि तांबडा-पिवळाही चालत नाही. उरतात ते मळखाऊ रंग.

मळखाऊ कोणता, हे महिना ठरवतो. जुलै ते सप्टेंबर सगळं रान गच्च हिरवं असतं, कारवीच्या रोपांनी उतार झाकून जातात. तेव्हा गडद हिरवा किंवा शेवाळी रंग शोभतो. ऑक्टोबर उलटला की गवत सोनेरी होतं. फेब्रुवारीपासून साग आपली पानं टाकतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये पळस, पांगारा, सावर फुलतात तेव्हा खालची जमीन तपकिरी-राखाडी असते. त्या पार्श्वभूमीवर पावसाळ्यात घेतलेला हिरवागार शर्ट डोळ्यांत भरतो. वर्षभरासाठी एकच रंग निवडायचा झाला तर खाकी निवडावा. १८४०च्या दशकात पेशावरला हॅरी लम्सडेनने आपल्या गाइड्स पलटणीला हा धुळीचा रंग दिला, आणि पुढे वनखात्यानेही तो स्वीकारला. पावसाळ्याचे तीन-चार महिने सोडले तर सह्याद्रीच्या पायथ्याशी तो कुठेही खपून जातो.

नक्षीबद्दलही गैरसमज आहेत. १९८०च्या सुमारास जिम क्रमली या अमेरिकन धनुर्धाऱ्याने झाडाच्या सालीसारखी नक्षी कापडावर छापून ती ‘ट्रीबार्क’ नावाने विकायला काढली. १९८६मध्ये ‘रिअलट्री’ आणि ‘मॉसी ओक’ आले, आणि शिकारी कपड्यांवर पानं, फांद्या, कळ्या जशाच्या तशा उमटू लागल्या. दुकानात टांगलेला असा शर्ट माणसाला फार खरा वाटतो. पण बारकावे टिपण्यात हरणाची नजर आपल्यापेक्षा कमी आहे. बारीक पानांची नक्षी त्याला दुरून एकजीव दिसते, आणि पाहणाऱ्याला एक गडद, दोन पायांवर उभा आकार तेवढा उरतो. म्हणून पुढच्या पिढीतल्या काही नक्ष्यांत मोठे, फिके-गडद तुकडे आले. त्यांच्या मागे काम करणाऱ्यांत १९९४च्या त्या शोधनिबंधाचे एक लेखक, दृष्टिशास्त्रज्ञ जे नाइट्झ हेही होते. आकृतीची कड तोडणं हा खरा उद्देश. तो तपकिरी आणि शेवाळी रंगांच्या मोठ्या चौकडीचा जुना शर्टही साधतो. त्याहून महत्त्वाचे आहेत चेहरा आणि हात. उन्हात चमकणारं कपाळ आणि हलणारे तळवे सगळी मेहनत वाया घालवतात. टोपीची रुंद कड आणि पातळ सुती हातमोजे त्यावर पुरतात.

फौजी नक्षी टाळलेलीच बरी. भारतीय लष्कराने १५ जानेवारी २०२२च्या सेनादिनी आपला नवा लढाऊ गणवेश दाखवला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने तयार झालेल्या त्या नक्षीची लष्कराने आपल्या नावे नोंदणीही केली आहे. सैनिक असल्याचं भासवण्याच्या हेतूने तसा वेश घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या १६८व्या कलमाखाली गुन्हा आहे. हौशी पक्षीनिरीक्षकाचा तसा हेतू नसतो हे खरं, पण झाडीतून अचानक फौजी कपड्यातला माणूस पुढे आला तर वनरक्षकाला आणि पाड्यावरच्या बाईला शंका येणारच.

डोळ्यांना चुकवलं तरी कान राहतात. या बाबतीत जगातला एक उत्तम दाखला कॅलिफोर्नियातला आहे. ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस, ज्याला जग इशी म्हणून ओळखतं, १९११मध्ये ऑरोव्हिल गावाजवळ लोकांना भेटला. सॅन फ्रान्सिस्कोतले शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली. १९१६मध्ये इशी गेला, आणि १९२३मध्ये पोप यांनी बाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं. त्यात इशीची तयारी नोंदलेली आहे. शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे ओढ्यात अंघोळ करून एका सुगंधी वनस्पतीचा पाला अंगाला चोळत असे. आणि लंगोटीखेरीज काहीही घालत नसे, पायताणसुद्धा नाही, कारण कपड्यांचा झुडपांत फार आवाज होतो असं त्याचं म्हणणं होतं.

ठाणे-पालघरच्या डोंगरांत राहणाऱ्या वारली आणि कातकरी पुरुषांचा जुना वेश आठवला की यातलं शहाणपण लगेच उमगतं. लंगोटी, डोक्याला फडकं, हातात धनुष्य. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतांनी जगभर नेलेल्या वारली चित्रांत तो धनुर्धारी आजही धावताना दिसतो. शहरी माणूस त्या वेशाकडे गरिबी म्हणून पाहतो, आणि गरिबी होतीही. तरी त्या वेशाची कामगिरी पाहावी: त्याचा आवाज होत नाही, तो भिजला तर चटकन सुकतो, घाम अडवत नाही, काट्यात अडकत नाही आणि दोरीच्या आड येत नाही. हजारो रुपयांचा शिकारी पोशाख याच पाच गोष्टींचं आश्वासन देतो.

दोरीच्या आड येणं ही किरकोळ बाब नाही. सातारची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारातली वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. अदिती तेव्हा अवघ्या १७ वर्षांची होती. त्या प्रकारात ५० मीटरवरच्या निशाण्यावर बाण सुटतो. सुटलेली दोरी ढगळ बाहीला किंवा सदऱ्याच्या घडीला नुसती चाटून गेली तरी बाण भरकटतो. म्हणून तिरंदाज अंगाबरोबरच्या बाह्या पसंत करतात, पुष्कळजण छातीवर जाळीदार पट्टा आणि पुढच्या हातावर चामडी किंवा प्लॅस्टिकचं कवच बांधतात. लेन्स वर उचलणाऱ्याची बाहीही ढगळ असेल तर फांदीत अडकतेच.

आवाजाच्या कसोटीवर नायलॉनचं सळसळणारं जॅकेट सर्वांत वाईट. पश्चिमेकडे धनुर्धारी त्यावर उपाय म्हणून लोकर किंवा फ्लीस वापरतात, कारण लवदार कापड झुडपाला घासलं तरी मुकं राहतं. बोरिवलीत हा उपाय नोव्हेंबरात अंगलट येतो. गवत वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं लवदार कापडात घुसून पीळ घेत कातडीपर्यंत पोचतात. तासाभरात माणूस दबा धरून बसायचं सोडून कुसळं वेचत बसतो. त्याच दिवसांनंतर खाजकुहिलीच्या शेंगा पिकतात. त्यांच्यावरची तांबूस लव वाऱ्याने उडते, आणि तिच्यातली प्रथिनं कातडी पेटवतात. इथे हवं ते घट्ट विणीचं सुती ड्रिल, पूर्ण बाह्यांचं, कॉलर वर करता येईल असं. ते फ्लीसइतकं मुकं नसतं, पण दोन-चार धुण्यांत मऊ पडतं. विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, म्हणजे गोचिडांनाही वाट मिळत नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६पासून माकडतापाने लोक दगावले आहेत, आणि तो आजार गोचिडांतूनच पसरतो. गोचीड नेमकी फिक्या कापडावर चटकन दिसते, हा मात्र न सुटणारा पेच आहे. त्यावर उपाय एकच, परतल्यावर कपडे झटकून अंग नीट तपासणं.

तिसरं नाक. सांबर आणि चितळ वाऱ्यावर माणूस ओळखतात, आणि इथला वारा शाळेच्या भूगोलात शिकवतात तसाच वागतो. हिवाळ्यात पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, दुपारकडे खारे वारे उलट फिरतात. बोरिवलीच्या दारातून पूर्वेकडे निघालेल्या माणसाचा वास सकाळी मागे शहराकडे जातो. दुपारनंतर तोच वास त्याच्या पुढे जंगलात शिरतो. मुलुंडकडून आत जाणाऱ्याचं गणित याच्या बरोबर उलट. वास शोषणाऱ्या कोळशाच्या अस्तराचे कपडे परदेशात विकले जातात. त्यांच्यावर पैसे घालण्यापेक्षा कोणत्या दाराने कधी शिरायचं याचा विचार जास्त कामाचा. कपड्यांचा वास मात्र आपल्या हातात असतो. कपाटातल्या डांबरगोळ्या, पावडरीचं अत्तर, केसांचं तेल हे सगळं जंगलाला परकं आहे. २०१४मध्ये बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २६ जणांकडून सायकल मारून घेतली आणि त्यांचे शर्ट तपासले. सुती शर्टांपेक्षा पॉलिएस्टरला जास्त दर्प येत होता, आणि दुर्गंध निर्माण करणारे मायक्रोकॉकस जिवाणू पॉलिएस्टरवर अधिक फोफावले होते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सुती कापड निवडायला हे आणखी एक कारण.

आता पाऊस. धनुर्धाऱ्यांचं हवामानाविषयीचं सगळं वाङ्मय थंडीभोवती फिरतं: सुती कापड भिजलं की माणूस गारठतो, म्हणून ते घालूच नये; आत लोकर, वर पाणी अडवणारं आणि घामाची वाफ बाहेर सोडणारं जॅकेट. असं जॅकेट शक्य झालं ते १९६९मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनची कांडी झटक्यात ताणून तिचं सूक्ष्म छिद्रांचं पापुद्र्यासारखं रूप केलं तेव्हा. छिद्रं थेंबाला फार लहान आणि वाफेच्या रेणूला पुरेशी मोठी. पण वाफ आपोआप बाहेर जात नाही. आत बाष्पदाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती जाते.

उपनगरातल्या जुलैत काय घडतं, ते साध्या हिशेबाने दिसतं. अंगाजवळची ३४ अंशांची घामट हवा पूर्ण भरलेली धरली तर तिचा बाष्पदाब सुमारे ५.३ किलोपास्कल. बाहेर ५ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर तिथला दाब ०.७, म्हणजे फरक ४.६. बोरिवलीत २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली तर बाहेरचाच दाब ३.२, फरक उरतो जेमतेम २.१. वाफेला ढकलणारा जोर निम्म्याहूनही कमी. चढाच्या वाटेवर महागडं जॅकेट आतून घामाने तितकंच भिजतं, जितकं ते नसतं तर पावसाने अंग भिजलं असतं. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैची सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर आहे, आणि २६ जुलै २००५ला तर तिथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. अशा पावसात पूर्ण कोरडं राहण्याचा हट्ट सोडून लवकर सुकण्याची सोय पाहणं शहाणपणाचं.

कोकणातलं इरलं हेच करत होतं. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पानं बसवलेलं ते छप्पर डोक्यावरून पाठीवर उतरतं, अंगाला चिकटत नाही, खालून-बाजूंनी वारा खेळता ठेवतं आणि लावणी करायला दोन्ही हात मोकळे ठेवतं. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यात जॅकेटमधल्या पापुद्र्याचं काम मोकळ्या फटी करतात. त्याच तत्त्वावर ढगळ पोंचो किंवा काखेत चेन असलेला रेनकोट आपल्याकडे जास्त चालतो. आत पातळ कृत्रिम धाग्याचा शर्ट असावा, कारण नेहमीच्या हवेत कापूस वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरून ठेवतो आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. त्याची सळसळ आणि दर्प हे दोन्ही दोष पावसात झाकले जातात. ओला पाचोळाही पावलांखाली वाजत नाही. जीन्स मात्र कुठल्याही ऋतूत घरी ठेवावी. भिजली की ती जड होते, दिवसभर सुकत नाही आणि मांड्यांना घासून गजकर्णाला आमंत्रण देते.

लोकर नेहमीच्या हवेत वजनाच्या १६ टक्क्यांच्या आसपास ओल पोटात घेऊनही कोरडी लागते, आणि ओल शोषताना थोडी ऊबही सोडते. डोंगरावर मेंढ्यांमागे फिरणारा धनगर भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेतो ते याच गुणामुळे. माळशेजच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या भणाणत्या वाऱ्यात भिजलेला माणूस ऑगस्टमध्येही थरथरू शकतो. तिथे पाठपिशवीत पातळ लोकरी स्वेटर असलाच पाहिजे. बोरिवलीत त्याची गरज डिसेंबर-जानेवारीत लागते. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. एरवी इतकी थंडी पडत नाही, पण जंगलातली पहाट शहरापेक्षा गार असते, आणि स्वस्थ बसलेलं शरीर चालताना जितकी उष्णता निर्माण करतं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकीच करतं. धनुर्धाऱ्यांचा एक नियम इथे तंतोतंत लागू पडतो: चालताना थोडी थंडी वाजू द्यायची, गरम कपडा पिशवीत ठेवायचा आणि बसल्यावर, घाम सुकला की तो अंगावर घ्यायचा. स्वेटर घालून चढणारा माणूस ओल्या बनियनवर कुडकुडत बसतो.

दबा धरून बसण्याची सर्वांत लांब परीक्षा उन्हाळ्यात असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्याचं वनखातं ‘निसर्गानुभव’ उपक्रमात पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर लोकांना रात्रभर बसू देतं. मे महिन्याचा तो उकाडा, डास, आणि वर लख्ख चांदणं. इथे पातळ, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा हवा. अंगाला घट्ट बसलेल्या विणीतून डासाची सोंड आरपार जाते. पांढरा लखनवी कुर्ता कितीही सुखाचा असला तरी चांदण्यात तो मचाणाचा पत्ता सांगतो. पिशवी वेलक्रोची नको, तिचा फर्रकन आवाज रात्री फार लांब जातो. भांडुप-घाटकोपरकडे ठाणे खाडीवर रोहित पक्षी पाहणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. तिथे आडोसा नाही, ऊन थेट आणि खाडीवरून परतलेलंही. त्यांना मानेवर कापड सोडलेली रुंद टोपी आणि मातकट सदरा पुरतो.

पायांचा विषय थोडक्यात. घोणस, फुरसं, मण्यार आणि नाग हे चारही या जंगलात आहेत, आणि साप बहुतेक वेळा पायालाच चावतो. इशीचं अनवाणी चालणं त्याच्या पायांना शोभत होतं. बाकीच्यांनी घोटा झाकणारे, मऊ रबरी तळाचे बूट घालावेत आणि रात्री बॅटरी पायांजवळ रोखावी.

आणि एक गोष्ट ठासून सांगायला हवी, ती म्हणजे लपणं कुठे थांबवायचं. हे बिबट्यांचं जंगल आहे. अंधार पडल्यावर एकट्याने जाऊ नये, बॅटरी घ्यावी, बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चालावं, उघड्यावर वाकून बसू नये, अशा सूचना वनखातं आणि २०११पासून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या मोहिमेतले कार्यकर्ते वारंवार देत आले आहेत. त्या वेळी मळखाऊ रंग, मुके कपडे, बिनवासाचा सदरा हे सगळे गुण धोक्याचे ठरतात. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्यांना भडक नारिंगी रंग घालावाच लागतो: हरणाला तो ठळक दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला दुरून दिसतो. इथे बंदुका नाहीत, तरी पिशवीत एक नारिंगी बंडी ठेवावी आणि बसणं संपलं की ती अंगावर चढवावी. मागे राहिलेल्या सोबत्याला, वनरक्षकाला आणि घोडबंदर रस्त्यावरच्या ड्रायव्हरला ती दिसते. दिवस मावळला की नारिंगीही काळाच पडतो, म्हणून तिच्यावर उजेड परतवणारी पट्टी शिवून घ्यावी, पालिकेच्या रस्त्यांवर रात्री काम करणाऱ्या कामगारांच्या जॅकेटवर असते तशी.